युद्ध आणि फ्रीजर

विवेक अग्निहोत्री दिग्दर्शित ‘द व्हॅक्सिन वॉर’ हा हिंदी चित्रपट २८ सप्टेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांत त्याने फारसा मुक्काम केला नाही. शाळांमधून मात्र तो अधूनमधून दाखवला जातो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. बोईसरच्या एका शाळेत विज्ञान दिनाच्या निमित्ताने तो दाखवला गेला आणि त्यानंतर विषाणुशास्त्रावर चार शब्द बोलण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. पालघर आणि तारापूरकडचे काही शिक्षकही आले होते. आमचे बोलणे झाल्यावर अकरावीच्या एका मुलीने विचारले, “सर, यातल्या मॅडम कोरोना यायच्या आधी काय करत होत्या?”

वर्गात थोडा हशा झाला. आम्हाला मात्र हा प्रश्न त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न वाटला. चित्रपटात त्याचे उत्तर नाही. या परीक्षणात त्या प्रश्नाच्या अंगानेच चित्रपटाकडे पाहण्याचा विचार आहे.

चित्रपटाचा आधार आहे डॉ. बलराम भार्गव यांचे ‘गोइंग व्हायरल’ हे २०२१ साली आलेले पुस्तक. कोव्हॅक्सिन या लसीच्या निर्मितीची ही हकिकत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. भार्गव यांची भूमिका नाना पाटेकर यांनी केली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. प्रिया अब्राहम यांच्या भूमिकेत पल्लवी जोशी आहेत. गिरिजा ओक यांचीही महत्त्वाची भूमिका आहे.

आधी चांगले ते सांगू. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या पडद्यावर मध्यभागी आणणारे चित्रपट आपल्याकडे फारच थोडे. या स्त्रिया दमतात, घरच्या काळज्या वाहतात आणि पुन्हा कामाला लागतात. लशीच्या चाचणीसाठी ऱ्हीसस माकडे मिळवताना किती यातायात झाली, तेही चित्रपट दाखवतो. प्रत्यक्षात अशा वीस माकडांवर चाचणी झाली होती. शोधनिबंधात ‘वीस माकडे’ हे दोन शब्द असतात; त्यांच्यामागे किती वणवण असते हे प्रेक्षकाला कळते, हा चित्रपटाचा गुण होय. पल्लवी जोशी यांचा संयत अभिनयही लक्षात राहतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. या मॅडम आधी काय करत होत्या?

डॉ. अब्राहम २०१९ च्या अखेरीस पुण्याला आल्या. त्याआधीची अनेक वर्षे त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होत्या आणि त्यांचा मुख्य विषय होता यकृतदाहाचे विषाणू. पुण्यातील त्यांचे सहकारीही रिकामे बसले नव्हते. २०११ साली गुजरातेत क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप आढळला, २०१८ साली केरळात निपाह आला. दोन्ही वेळी निदानावर शिक्कामोर्तब पुण्यात झाले. म्हणजे २०२० साली नवा विषाणू आला तेव्हा त्याला पकडणारे हात आधीच तयार होते. हे हात कसे तयार होतात, तेच चित्रपट सांगत नाही.

पुण्याच्याच संस्थेतली दोन उदाहरणे देतो. वर्गात सांगायला ती उपयोगी पडतील.

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. यमुनेचे पाणी जिथून शहरासाठी उचलत, तिथे सांडपाणी मिसळले होते. ही साथ दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘ए’ प्रकारच्या काविळीची असावी, असे तेव्हा मानले गेले. ताडून पाहायला चाचणीच नव्हती. परंतु कोणीतरी रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवले होते. पुढे ‘ए’ विषाणूची चाचणी उपलब्ध झाली आणि १९८० साली पुणे व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते जुने नमुने तपासले. साथ ‘ए’ची नव्हती! मग कशाची? तो विषाणू पुढे ‘ई’ या नावाने ओळखला गेला. १९९० साली त्याच्या जनुकीय मजकुराचा तुकडा हाती लागला आणि त्यावरून चाचण्या बनल्या. पुण्याच्या डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील अनेक जुन्या साथींचे नमुने या चाचण्यांनी पुन्हा तपासून १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यातून आलेल्या काविळीच्या बहुतेक साथींमागे ‘ई’ विषाणू होता. हा विषाणू गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो, म्हणून या माहितीचे मोल मोठे.

दुसरे उदाहरण चिकुनगुन्याचे. १९६३ साली कोलकात्यात आणि १९७३ साली आपल्या बार्शीत त्याची साथ आली. नंतर तीसेक वर्षे हा रोग जणू विसरला गेला. २००५-०६ मध्ये तो उसळला आणि देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. जुनाच विषाणू परतला की नवा आला? डॉ. अरणकल्ले यांच्या गटाने १९६३ पासूनचे साठवलेले विषाणू काढले आणि त्यांचा जनुकीय मजकूर नव्यांशी ताडून पाहिला. जुने विषाणू आशियाई वंशाचे निघाले, नवे आफ्रिकी वंशाचे. त्याच साठ्यात पुणे जिल्ह्यातल्या यवत येथे २००० साली मिळालेला एक विषाणू होता. तोही आफ्रिकी वंशाचा! साथ उसळण्याच्या पाच वर्षे आधीच पाहुणा घरात येऊन बसला होता आणि त्याची ओळख फ्रीजरमध्ये पडून होती.

रेणवीय जीवशास्त्रज्ञाची कारकीर्द बरीचशी अशी असते. आज उपयोग नसलेला नमुना नीट नाव घालून, तारीख लिहून, उणे सत्तर-ऐंशी अंशांवर ठेवायचा. वीज गेली तर रात्री उठून धावायचे. आमच्या उमेदीच्या काळात एका प्रयोगशाळेत उन्हाळी सुटीत वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही आणि सोमवारी दार उघडले तेव्हा फ्रीजरखाली पाण्याचे थारोळे होते. चार वर्षांचे नमुने गेले. त्या नमुन्यांतून काय निघाले असते हे आता कोणालाच कळणार नाही. असल्या पराभवाला ‘युद्ध’ हा शब्द शोभत नाही, म्हणून त्यावर चित्रपटही निघत नाही.

चित्रपटाच्या नावातच युद्ध आहे आणि आमचा मुख्य आक्षेप तिथेच सुरू होतो. युद्ध म्हटले की सेनापती हवा, हुकूम हवा, शत्रू हवा आणि फितूरही हवा. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. मग शत्रूची जागा लशीवर शंका घेणाऱ्या पत्रकाराला मिळते. रायमा सेन यांनी रंगवलेली ही पत्रकार काल्पनिक आहे आणि इतकी काळीकुट्ट आहे की तिच्या तोंडचा प्रत्येक प्रश्न आपोआप खोटा ठरतो.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. २ जुलै २०२० रोजी डॉ. भार्गव यांनी रुग्णालयांना लिहिलेल्या पत्रात लशीसाठी १५ ऑगस्टची मुदत होती. ही मुदत अवाजवी असल्याचे निवेदन भारतीय विज्ञान अकादमीने काढले. ३ जानेवारी २०२१ रोजी लशीच्या मर्यादित वापराला परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे हाती आले नव्हते. अनेक शास्त्रज्ञांनी ते उघडपणे विचारले. पुढे सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले आणि लक्षणे असलेल्या आजारापासून ७७.८ टक्के संरक्षण मिळते असे दिसले. लस चांगली ठरली याचा आम्हालाही आनंद आहे. पण उत्तर चांगले आले म्हणून प्रश्न विचारणे चूक होते, असे ठरत नाही. परीक्षेत उत्तर बरोबर आले तरी रीत न लिहिणाऱ्या मुलाचे गुण आपण कापतोच ना? दिल्लीची साथ ‘ए’ची असावी या मतावर कोणी शंका घेतली नसती, तर ‘ई’ सापडला नसता. शंका हे आमच्या धंद्यातले हत्यार आहे. ते खलनायकाच्या हाती दिलेले पाहून मुले काय शिकतील, याची आम्हाला काळजी वाटते.

तिसरी गोष्ट बोईसर-तारापूरच्या मुलांना सर्वांत लवकर पटेल. पुण्यात विषाणू वेगळा केला म्हणजे लस झाली असे नाही. तो हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडे गेला. तिथे व्हेरो पेशींमध्ये तो वाढवायचा, रसायनाने निष्क्रिय करायचा, शुद्ध करायचा, त्यात प्रतिकारशक्तीला चेतवणारे द्रव्य मिसळायचे आणि हे सारे प्रत्येक वेळी तंतोतंत तसेच करायचे. व्हेरो पेशी म्हणजे १९६२ साली जपानी शास्त्रज्ञांनी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या आणि तेव्हापासून जगभर वाढवल्या जाणाऱ्या पेशी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वडील किंवा भाऊ रिअॅक्टरवर काम करतात, त्यांच्या घरी ‘बॅच’ आणि ‘क्यूसी’ हे शब्द रोजचे आहेत. लशीचीही बॅच असते, तीही नापास होते. जैवतंत्रज्ञान म्हणजे बहुतांशी हेच. चित्रपटाने ही बाजू घाईने उरकली आहे. ती नीट दाखवली असती तर इथल्या मुलांना लस परकी वाटली नसती.

आमच्या व्याख्यानानंतर पालघरच्या एका शिक्षकांनी सांगितले, “इकडे विज्ञान म्हटले की टॅप्स नाहीतर एमआयडीसी. दोन्हीकडे फाटक आहे. मुले बाहेरून बघतात.” हे खरे आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून विजेची निर्मिती करू लागले, म्हणजे या परिसराने विज्ञानाचे फाटक अर्धशतकाहून अधिक काळ पाहिले आहे. चित्रपटही तेच करतो. फाटकाच्या आतले थोर लोक दाखवतो आणि आपल्याला टाळ्या वाजवायला बाहेर ठेवतो.

विषाणुशास्त्राला मात्र असे फाटक घालता येत नाही, कारण त्याचा पहिला नमुना नेहमी बाहेरूनच येतो. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण सापडला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, आपल्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात आश्रमशाळेतील एका मुलीला झिका झाल्याचे आढळले. निदान पुण्याच्या त्याच संस्थेने केले. पण तलासरीहून नमुना पुण्याला पोहोचतो तो आपोआप नव्हे. मुलीला ताप आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. कोणीतरी रक्त घ्यावे लागते, नळीवर नाव लिहावे लागते, बर्फाच्या पेटीत ती रवाना करावी लागते. यातली एक कडी तुटली तर पुण्यातली अद्ययावत यंत्रे नुसती बसून राहतील. या माणसांना चित्रपटात जागा असायला हवी होती.

त्या मुलीला आम्ही दिलेले उत्तर थोडक्यात असे. यातल्या मॅडम बारावीनंतर वीस-पंचवीस वर्षे शिकत आणि काम करत होत्या. तुला जायचे असेल तर आधी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बीएस्सी कर. मग एमएस्सी, विषाणुशास्त्राची एमएस्सी पुण्याच्या याच संस्थेत करता येते. नंतर संशोधनवृत्तीची परीक्षा आणि पीएचडीची पाच-सहा वर्षे. त्यापुढेही पुष्कळांच्या वाट्याला काही काळ मुदतीच्या नेमणुका येतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. हे लपवून तुला या वाटेवर बोलावणे योग्य नाही. लस कंपन्या आणि निदान-संच बनवणाऱ्या कंपन्या ही दुसरी वाट आहे; तिथे पगार बरा असतो, पण विषय कंपनी ठरवते. यावर ती म्हणाली, “म्हणजे कोरोना आला नसता तरी त्या हेच करत असत्या?” आम्ही होय म्हणालो. तिला ते आवडल्यासारखे दिसले.

चित्रपट शाळेत दाखवू नये, असे आमचे म्हणणे नाही. दाखवावा. मात्र नंतर एक तास राखून ठेवावा. पत्रकाराच्या पात्राने विचारलेला कोणता प्रश्न एखादा शास्त्रज्ञही विचारील, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. घरात कोणी कारखान्यात असेल तर बॅच नापास कधी होते ते विचारून यायला सांगावे. आणि शाळेजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन, तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना इथून पुढे कुठे कुठे जातो, हे विचारून वहीत क्रमाने लिहून आणायला सांगावे. बोईसरच्या शाळेने हे शेवटचे काम मनावर घेतले आहे. मुलांच्या वह्या आमच्याकडे येणार आहेत.