‘वेगळे’ म्हणजे कोणासाठी?

अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी लिंगावरून भेदभाव करू नये, हे त्याचे सूत्र. १९७५ मध्ये नियमावली आली. ती वाचताना मी ‘वेगळे’ या शब्दापाशी थांबतो, कारण या शब्दाशी आपले जुने वैर आहे.

स्वच्छतागृहे, न्हाणीघरे, कपडे बदलण्याच्या खोल्या मुलामुलींसाठी वेगळ्या ठेवता येतील, मात्र एकाची सोय दुसऱ्याच्या तोडीची हवी, असा नियम आहे. कौशल्यावर निवड होत असेल, किंवा खेळ अंगाला अंग भिडणारा असेल, तर संघही वेगळे चालतात. पण ‘वेगळे पण समान’ हेच तत्त्व त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये काळ्यांच्या माथी मारले होते आणि १९५४ मध्ये शाळांतून हद्दपार केले. मग वंशाबाबत जे त्याज्य, ते लिंगाबाबत ग्राह्य कसे?

माझ्या मते कसोटी एकच: वेगळेपण माणसाला आत आणते की बाहेर ठेवते? बाल भीमरावांना शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे. ते वेगळेपण बहिष्काराचे होते. उलट, १९७१-७२ मध्ये अमेरिकन हायस्कुलांतून सुमारे २ लाख ९४ हजार मुली खेळत. आज हा आकडा ३० लाखांवर आहे. स्वतंत्र संघांनी त्यांना मैदान दिले.

तरी नियमात पळवाट आहेच. साहित्य, सराव, प्रवासभत्ता, प्रशिक्षक यांत समान संधी पाहा म्हणणारा नियमच पुढे सांगतो की, एकूण खर्च असमान असला म्हणून तेवढ्यानेच नियमभंग होत नाही. मग ‘तोडीचे’ हे ठरवायचे कोणी? प्रस्थापितांनीच?

पारलिंगी मुलांच्या बाबतीत ही कसोटी अधिक टोकदार होते. मुलगा म्हणून जगणाऱ्या विद्यार्थ्यांना मुलांचे स्वच्छतागृह नाकारून एकट्याने वापरायची खोली दाखवली गेली. २०२० मध्ये चौथ्या सर्किट न्यायालयाने असे करणे बेकायदा ठरवले. २०२२ मध्ये अकराव्याने तशाच प्रकरणात वैध ठरवले. त्या एकट्या खोलीचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक आहेत. ती साफ करायला झाडू कोणाच्या मुलांच्या हाती दिला जातो, हे मात्र त्याच्या अनुसूचीत नाही. शाळेची पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी दारे मोजावीत, आणि हाही प्रश्न विचारावा.