‘शेतकरी’ ही संज्ञा आणि ग्रामीण साहित्याची समीक्षा

ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत ‘शेतकरी’ ही संज्ञा इतक्या सहजपणे वापरली जाते, की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ‘शेतकऱ्याचे दुःख’, ‘शेतकरीजीवनाचे चित्रण’ यांसारखी पदे जणू स्वयंसिद्ध असावीत अशा रीतीने एका कलाकृतीकडून दुसऱ्या कलाकृतीकडे नेली जातात. वस्तुतः जमीन कसणाऱ्या माणसासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांतील प्रत्येक शब्द एका विशिष्ट संबंधाचा निर्देश करतो. हे संबंध पुसून टाकले की साहित्यकृतीतील मूळ ताणच समीक्षेच्या हातून निसटतो.

या शब्दांचा पट विस्तृत आहे. ‘रयत’ हा शब्द कसणाऱ्याला राज्यकर्त्याच्या बाजूने पाहतो. ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ ही मराठा राजवटीतील जोडी जमिनीवरील हक्काची प्रत ठरवते. ‘कूळ’ हा मालकाच्या, सावकाराच्या आणि वकिलाच्याही तोंडी असणारा शब्द आहे. तिन्ही ठिकाणी तो दुसऱ्यावर अवलंबून असलेल्याचाच वाचक ठरतो. ‘कुणबी’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘कुटुंबिन्’ या संस्कृत शब्दापासून सामान्यतः मानली जाते. व्यवहारात मात्र तो जात आणि व्यवसाय यांच्या सीमारेषेवर उभा आहे. ‘सालगडी’ किंवा ‘सालदार’ यांत वर्षाच्या कराराची मुदत आहे, तर ‘वाटेकरी’ या शब्दात पिकाचा हिस्सा. यांपैकी एकही शब्द प्रत्यक्ष नांगरणी, पेरणी वा खुरपणी या क्रियेवरून बनलेला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

क्रियेचा आभास होतो तो ‘शेतकरी’ या शब्दात. परंतु ‘-करी’ हा प्रत्यय मराठीत दोन प्रकारे चालतो. ‘वारकरी’ म्हणजे वारी करणारा, ‘कष्टकरी’ म्हणजे कष्ट करणारा. ‘गावकरी’ म्हणजे मात्र गाव करणारा नव्हे, गावाचा हक्काचा रहिवासी. ‘शेतकरी’ हा शब्द रचनेने पहिल्या गटात बसण्याजोगा असला, तरी वापराने तो दुसऱ्या गटात गेला आहे. ज्याच्या नावे सातबाराचा उतारा तो शेतकरी. मग खुरपे दुसऱ्याच्या हाती का असेना. ज्यांच्या हाती ते असते त्यांना ‘गडी’ आणि ‘बाया’ म्हणतात. ‘आज किती बाया लावल्या?’ हा शिवारातला नित्याचा प्रश्न आहे. ‘गडी’ म्हणजे मुळात पुरुषमाणूस, ‘बाया’ म्हणजे स्त्रिया. कामाचे नाव मालकाला मिळाले आणि काम करणाऱ्याजवळ केवळ त्याचे लिंग उरले, असा हा भाषिक व्यवहार आहे. ‘शेतकरीण’ हा शब्दही बहुधा शेतकऱ्याची पत्नी याच अर्थाने येतो.

अर्थात ‘शेतकरी’ या शब्दाचा व्यापक वापर निर्हेतुक नव्हता. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभीच कुणबी, माळी आणि धनगर या तिघांना शेतकरी या एका संज्ञेखाली आणले. जातिवाचक नावांना छेद देणारी, शोषिताला एकत्रित ओळख देणारी ही राजकीय कृती होती. मात्र या त्रिविध विभागणीत, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या अतिशूद्र मजुराला स्वतंत्र स्थान नाही. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून हीच एकात्मता नव्याने मांडली. कर्जात बुडालेला जमीनधारक हा नावाचाच मालक असतो, हे तिचे प्रतिपादन दुर्लक्षिण्याजोगे नाही. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (2002) मधील एकनाथ तनपुरेची कोंडी याच अर्थाने शेतकऱ्याची आहे: जमीन आहे, पण तिने प्रतिष्ठा मिळत नाही आणि पोटही भरत नाही. तेव्हा ‘शेतकरी’ ही संज्ञा टाकून द्यावी, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. प्रश्न आहे तो ती सर्वत्र सारख्याच अर्थाने लावण्याचा.

आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (1971) या कादंबरीचे उदाहरण घ्यावे. यंत्राच्या आगमनाने उद्ध्वस्त होणाऱ्या शेतकरीजीवनाची कहाणी, असे तिचे वर्णन सहज केले जाते. पण नारबा हा शेतकरी नाही. तो गडी आहे. ट्रॅक्टर आणणारा मालक हा कादंबरीतला शेतकरी. ज्या जनावरांना नारबा आपला गोतावळा मानतो, ती त्याची नाहीत. ती विकण्याचा निर्णय त्याला विचारून होत नाही. म्हणजे जे कायद्याने कधी आपले नव्हतेच, ते गमावण्याचे हे दुःख आहे. त्याच्या दुःखाला हक्काची भाषा उपलब्ध नाही, म्हणूनच ते नात्याच्या भाषेत बोलते. शीर्षकाचे मर्म येथे आहे. ‘निसर्ग विरुद्ध यंत्र’ या सूत्रात हे मर्म मावत नाही. ते ‘मालक विरुद्ध गडी’ या संबंधातून उलगडते.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) मध्ये ही अडचण अधिकच स्पष्ट होते. कौतिक ही शिंपी कुटुंबातली. ती शेतात मोलमजुरी करून संसार ओढते. जातीने, मालकीने आणि लिंगाने अशा तिन्ही बाजूंनी ती ‘शेतकरी’ या संज्ञेच्या बाहेर राहते. तरीही जमिनीशी तिचा संबंध प्रत्यक्ष श्रमाचा आहे. तिला ‘सोशिक ग्रामीण स्त्री’ म्हणून गौरविणारी समीक्षा तिच्या श्रमाचे रूपांतर तिच्या स्वभावात करते.

असाच गौरव ‘बळीराजा’ या शब्दात आहे. लोकस्मृतीतील आणि फुल्यांनी पुनरुज्जीवित केलेली बळीची प्रतिमा मुळात न्याय्य राज्याची मागणी करणारी आहे. अग्रलेखांतून आणि भाषणांतून वापरला जाणारा ‘बळीराजा’ मात्र मागणी करीत नाही. त्याच्याविषयी हळहळ तेवढी व्यक्त होते. राजा म्हटल्यावर त्याच्या मजुरीचा हिशेब विचारण्याची सोय उरत नाही.

कायद्याच्या आणि धोरणाच्या भाषेला हा पेच निदान जाणवला आहे. 1948 च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यामागे ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व आले आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला; तेव्हा कूळ मालक झाले, पण त्याच शेतातील रोजंदार मजूर होता तेथेच राहिला. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने भूमिहीन मजूर, कूळ आणि वाटेकरी यांनाही शेतकऱ्याच्या व्याख्येत घेतले. व्यवहारातील अर्थ त्या व्याख्येपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

समीक्षेचे दायित्व व्याख्या रुंद करण्याने संपत नाही. सर्वांना शेतकरी म्हटल्याने नारबा आणि त्याचा मालक यांच्यातील अंतर मिटत नाही. ते दिसेनासे होते एवढेच. साहित्यकृतीत कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, कोणाला कामाचे नाव मिळते आणि कोणाला नुसतेच ‘ए गड्या’ म्हटले जाते, येथून वाचनाचा प्रारंभ झाला पाहिजे. लेखकाने हे भेद बोलीच्या अचूक जाणिवेने जपलेले असतात. समीक्षेने आपल्या प्रमाण संज्ञेखाली ते झाकून टाकणे म्हणजे कादंबरीत जो निदान बोलत होता, त्याला पुन्हा एकदा मुका करणे होय.