‘कमी वापरलेली’

स्थळांच्या जाहिरातींतलं ‘निर्व्यसनी’ आणि बारीक टायरच्या सायकलींच्या जाहिरातींतलं ‘कमी वापरलेली’, ही एकाच प्रतिभेची लेणी. फरक इतकाच, की सायकलीला फूटपट्टी लावता येते. चेनच्या पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत कोऱ्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. वर एक सूत जास्त भरलं, की ‘कमी’ हा नुसता शब्दालंकार समजावा.

पण वर्णन खरं निघालं, तर अधिकच वाईट वाटतं. आपली जुनी झिजली ती आपल्याला पोचवता पोचवता. ही तकतकीत राहिली ती कुणाचा तरी पहाटेचा संकल्प मोडल्यामुळे! तरी जुनी देऊन हीच घ्यावी. मात्र पुढे विकताना ‘भरपूर वापरलेली’ असं छातीठोकपणे लिहिता आलं पाहिजे.