मधुमेह : सरासरीच्या आकड्यांआडची विषमता

मधुमेह हा 'श्रीमंतांचा आजार' होय, ही समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वरवर पाहता या समजुतीला पुष्टी देतात. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के, शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. १,१३,०४३ व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेल्या या सर्वेक्षणाचे मोल निर्विवाद आहे. तथापि, या आकड्यांच्या वाचनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली मर्यादा कालाची आहे. ही पाहणी २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, गोवा नंतरच्या. त्यामुळे या शेजारी राज्यांचे आकडे समकालीन मानून त्यांची तुलना करणे योग्य ठरत नाही.

दुसरी मर्यादा सरासरीची आहे. याच सर्वेक्षणाच्या १५ राज्यांवरील २०१७ च्या अहवालात एक वेगळे चित्र दिसले होते. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगड येथील शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण उच्च आर्थिक स्तरापेक्षा निम्न स्तरात अधिक होते. म्हणजे समृद्ध राज्यातील शहरी गरीब हाच आता अधिक ग्रासलेला आहे. राज्यवार नकाशात मात्र तो दिसत नाही. दारिद्र्य आणि मधुमेह यांचा संबंध जन्मापूर्वीही पोहोचतो, असे मानण्यास आधार आहे. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या माता-पोषण अभ्यासात तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, परंतु त्या मानाने अधिक मेद असलेली आढळली.

तिसरा प्रश्न उपचारांचा. २०२२ च्या 'इंडियाब' अहवालानुसार रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ही तिन्ही उद्दिष्टे केवळ ७.७ टक्के रुग्णांनी साध्य केली होती. अधिक शिक्षितांत, तसेच ग्रामीण रहिवाशांत हे यश तुलनेने अधिक होते. यातील दुसरी बाब दिलासादायक वाटते. पण ही गणना स्वतःचा मधुमेह ठाऊक असलेल्यांपुरतीच होती. ज्याचे निदानच झाले नाही, तो शेतमजूर या हिशेबाबाहेर राहतो. निदान हीच उपचारातील पहिली पायरी असल्याने विषमतेचे मोजमापही तेथूनच सुरू व्हावयास हवे.

सारांश, 'श्रीमंतांचा आजार' ही केवळ कालबाह्य समजूत नाही. ती धोरणाची दिशा चुकविणारी समजूत आहे. ज्याला हा आजार होणार नाही असे गृहीत धरले जाते, त्याची तपासणी उशिरा होते, आणि उशिराची किंमत त्याचे डोळे, मूत्रपिंड व पाय मोजतात. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे मूल्यमापन करताना किती जणांची तपासणी झाली एवढेच न पाहता, कोणत्या वस्तीतील कोणत्या स्तराला नियमित औषध मिळाले, हेही तपासले पाहिजे. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी हे क्षेत्र आव्हानात्मक आहे, आणि ते केवळ वैद्यकशास्त्रावर सोपवून चालणार नाही.