यंत्र, नेम आणि नवस

विनोदाचा शत्रू कोण, असे विचारले तर बहुतेक रसिक गांभीर्याकडे बोट दाखवतील. मला ते पटत नाही. गांभीर्य हे विनोदाचे माहेर आहे. माणूस जिथे डोळे मिटून गंभीर होतो, तिथेच हशा पिकतो. आणि तो असा गंभीर होतो मुख्यतः तीन ठिकाणी : यंत्रापुढे, स्वतः ठरवलेल्या नेमापुढे आणि देवापुढे.

रेल्वेच्या फलाटांवर एकेकाळी वजनाचे काटे सर्रास असत. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट पडे. त्यावर वजनही असे आणि भविष्यही. वजन वाचून खट्टू झालेला गृहस्थ भविष्य वाचून खुलत असे. एकाच यंत्राचा एक आकडा खोटा आणि एक वाक्य खरे, हा निवाडा तो जागच्या जागी करी. आपल्या विनोदी वाङ्मयाचे मर्म मला त्या तिकिटात दिसते.

पु. ल. देशपांड्यांनी हे मर्म अचूक हेरले. 'बटाट्याची चाळ' (1958) मधला 'उपास' पाहा. नायकाला वजन उतरवायचे आहे. म्हणजे हेतू आरोग्याचा, पण शब्द मात्र व्रताचा. संकल्प सुटला की चाळ सल्ले घेऊन धावून येते आणि एकाच्या पथ्याचा सार्वजनिक उत्सव होतो. इथे हसू लठ्ठपणाचे नाही; शिस्तीलाही नवसासारखे बोलू पाहणाऱ्या मनाचे आहे. 'असा मी असामी' (1964) मधले धोंडोपंत बुवांच्या दर्शनाला जातात, तेव्हाही आपण हसतो ते बुवांपेक्षा धोंडोपंतांच्या भिडेला.

मात्र इथेच माझी तक्रार आहे. पु. लं.चे हसू क्षमाशील आहे. त्यात भक्त सुटतो, आणि त्याच्या आडोशाने बुवाही सुटतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर असे कुणाला सोडत नाहीत. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या या लेखकाने 'सुदाम्याचे पोहे' लिहिताना सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाला रूढींची तरफदारी करायला लावले, आणि त्या तरफदारीतूनच रूढी उघड्या पाडल्या. त्यांची कोटी आज कधी कधी जड वाटते. वाक्य संपेपर्यंत हसू थकते. पण ही उपहासबुद्धी अज्ञानातून आलेली नव्हती. याच कोल्हटकरांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ लिहिला. ग्रहांचे गणित ज्याने मांडले, त्याला ग्रहांचे भय दाखवणार कोण?

आज यंत्र खिशात आले आहे. ते पावले मोजते, पाणी पिण्याची आठवण करते आणि राहुकाळही सांगते. फलाटावरचे तिकीट जणू दर तासाला हातात पडते. विषय इतका पिकलेला असूनही आपले विनोदकार बहुधा त्याच्या पहिल्या भागावरच थांबतात. आजोबांना मोबाईल कळत नाही, एवढाच विनोद! राहुकाळापाशी लेखणी अडखळते.

ती का अडखळते, हे मला वर्गात कळले. मी कोल्हटकरांचा एक उतारा वाचून दाखवला. मुले हसली. मग एका मुलाने हळूच विचारले, "सर, असे लिहिलेले चालते?" प्रश्न भाबडा होता, पण 2013 साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झालेली आहे, त्यामुळे मला तो हसण्यावारी नेता आला नाही.

म्हणून मला वाटते, पु. लं.ची माया आणि कोल्हटकरांची धार या दोन्हींची आपल्याला एकत्र गरज आहे. नुसत्या धारेने माणूस दुखावतो, नुसत्या मायेने बुवा सोकावतो. ज्या श्रद्धेला हसू सोसते ती टिकेल. जिला सोसत नाही, तिच्याकडे विनोदकाराने आधी वळावे. मुलाला मी त्या दिवशी एवढेच सांगितले, "चालत होते. चालत राहील की नाही, ते पुढे लिहिणारांवर आहे."