गाथेचे यमक

धम्मपदाच्या पहिल्या वग्गाचे नाव ‘यमकवग्ग’ असे आहे. यमक म्हटले की मराठी वाचकास चरणान्ती जुळणारी अक्षरे आठवतात. या २० गाथांत तो ती शोधू लागला तर त्याची निराशा होते. येथे यमक म्हणजे जोडी. बहुधा परस्परविरोधी आशयाच्या दोन गाथा शेजारी ठेवल्या आहेत, एवढाच त्या नावाचा अर्थ होय.

पहिलीच जोडी पाहू. दोन्ही गाथा सहा पादांच्या, पाद आठ अक्षरांचा. पहिले दोन पाद अक्षरशः सारखे. तिसऱ्यात ‘पदुट्ठेन’च्या जागी ‘पसन्नेन’ येते, म्हणजे दूषित मनाच्या जागी प्रसन्न मन. आणि दोन्ही शब्दांची घडण लघु-गुरु-गुरु-लघु अशी एकच आहे. विषम पादात पाचवे अक्षर लघु, सहावे व सातवे गुरू, हेच या वृत्ताचे रूढ वळण. शब्द बदलतो, लय तसूभरही हलत नाही. पाचव्या पादात दुःखाच्या जागी सुख येते तेव्हा एक गुरू लघू होतो खरा, पण तो चौथ्या अक्षरी, जेथे वृत्ताला दोन्ही चालतात. अखेरीस एकीत बैलाच्या पावलामागे येणारे चाक, दुसरीत साथ न सोडणारी सावली. वाट तीच, मन तेवढे बदलले, हे कानालाच कळते.

ओवी-अभंगाच्या सवयीने पद्यानुवादक प्रत्येक गाथेला स्वतंत्र अंत्ययमक देतो, तेव्हा ही जोडी तुटते. दोन गाथांचे प्रास निराळे, म्हणून समान पादही निराळ्या शब्दांत उतरतात. त्यातून प्रासासाठी ‘दैव’, ‘भोग’ अशा शब्दांना दार उघडले, की मनाला अग्रस्थान देणाऱ्या गाथेत प्रारब्धवाद शिरतो. आमची हरकत केवळ काव्यदृष्टीची नव्हे.

गाथेला बांधणीची साधने कमी नाहीत. थेरीगाथेत अम्बपालीच्या १९ गाथा अकरा अक्षरी रथोद्धता वृत्तात आहेत. केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव जरेने कसा पालटला हे ती सांगते, आणि प्रत्येक गाथेचा चौथा पाद तोच राहतो. त्या ध्रुवपदापुढे यमक फिकेच पडावे.

पठणाविषयीही एक सांगावयाचे आहे. मराठी जिभेला अन्त्य ‘अ’ गिळण्याची सवय असते. ‘पसन्नेन’ हे ‘पसन्नेन्’ असे उच्चारले की आठवे अक्षर गळते आणि पाद लंगडतो. विहारात मुलांना गाथा शिकविताना बोटांवर आठ अक्षरे मोजून घेतली, तर हे सहज टळेल.

अनुवादकांस आमची सूचना एवढीच, की जोडीतील समान पाद दोन्ही गाथांत एकाच मराठी शब्दांत ठेवावेत. अक्षरे आठ जमली तर उत्तम. न जमल्यास साधे गद्य चालेल.