बॅड बनीने रेगेटॉन 'जगात नेलं'?

"बॅड बनीमुळे रेगेटॉन जगभर पोहोचलं." प्रस्तावात हे वाक्य लिहायचा मोह होतो. पण जरा थांबा. रेगेटॉन मुळातच फिरतं संगीत आहे: जमैकाचा डान्सहॉल ताल, पनामातलं स्पॅनिश रेगे, न्यूयॉर्कचं हिप-हॉप आणि प्वेर्तो रिकोच्या वस्त्या, या सगळ्यांतून ते घडलं. डॅडी यँकीचं 2004 चं 'गॅसोलिना' तर बॅड बनीच्या आधीच परदेशात गाजलं.

मग बॅड बनीचं वेगळेपण काय? प्रसिद्धीसाठी तो इंग्रजीकडे वळला नाही. 2022 चा 'उन वेरानो सिन ती' हा 'अल्बम ऑफ द इयर' ग्रॅमीचं नामांकन मिळालेला पहिला स्पॅनिश अल्बम. 2025 च्या 'देबी तिरार मास फोतोस'मध्ये रेगेटॉनच्या जोडीला प्लेना आणि साल्सा आहेत, म्हणजे बेटावर आधीपासून रुजलेलं संगीत. त्याच वर्षी सान हुआनमध्ये त्याने मैफलींची मालिका केली. पहिल्या 9 मैफली फक्त प्वेर्तो रिकोच्या रहिवाशांसाठी. बाहेरच्यांनी नंतर यायचं!

'जगात नेलं' म्हटलं की नेमका हा क्रम झाकला जातो, आणि घरचा श्रोता हिशेबातून गळतो. त्याऐवजी विचारा: जग दारात आल्यावर कलाकार पहिली जागा कुणाला देतो, आणि का? हा प्रश्न तपासता येतो. पहिल्या वाक्याचं फक्त कौतुक करता येतं.